‘क्वीन टू’ : लोकप्रियतेच्या सावलीत राहिलेला अल्बम

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘क्वीन टू’ हा दुसरा अल्बम 8 मार्च 1974 रोजी प्रकाशित झाला. त्यात 11 गाणी असून त्यांची एकूण लांबी सुमारे 40 मिनिटे आहे. बँडने एकंदर 15 स्टुडिओ अल्बम काढले. त्यांची चर्चा निघाली की ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ किंवा ‘द गेम’ यांची नावे आधी येतात. ‘क्वीन टू’चे नाव बहुधा निष्ठावंत चाहतेच घेतात. मात्र एकावर एक रचलेले आवाज, वाद्यवृंदासारखी वाजणारी गिटार आणि एकाच गाण्यात अनेक खंड गुंफण्याची रीत, ही या बँडची ओळख प्रथम पूर्ण आकाराला आली ती याच अल्बममध्ये. त्यामुळे त्याच्या वाट्याला आलेले स्थान त्याच्या योग्यतेपेक्षा खालचे आहे.

बँडचे चौघेही उच्चशिक्षित होते. गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये झाले आणि तिथल्या मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ या वाद्यवृंदात तो पियानो वाजवत असे. 1964 च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले आणि फ्रेडीने लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात शिक्षण घेतले. गिटारवादक ब्रायन मे इम्पीरियल कॉलेजमध्ये खगोलभौतिकीवर संशोधन करत होता. ड्रमवादक रॉजर टेलर दंतवैद्यकाचा अभ्यास सोडून जीवशास्त्राकडे वळला होता, तर बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर होता. चित्रकलेची नजर आणि प्रयोगशाळेतली चिकाटी यांचा हा मेळ त्यांच्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट दिसतो.

जुलै 1973 मध्ये आलेला पहिला अल्बम लंडनच्या सोहो भागातल्या ट्रायडंट स्टुडिओत मुद्रित झाला होता. डेव्हिड बोवीसारखे कलावंत जिथे काम करत, त्या स्टुडिओत या नवख्या मुलांना इतरांचे काम नसेल तेवढाच वेळ मिळे, आणि तो पुष्कळदा रात्रीचा असे. दुसऱ्या अल्बमसाठी मात्र त्यांना ऑगस्ट 1973 मध्ये हक्काचा वेळ मिळाला. ‘ओगर बॅटल’सारखे गुंतागुंतीचे गाणे पहिल्या अल्बमपूर्वीच तयार होते, पण पुरेसा वेळ हाती येईपर्यंत ते राखून ठेवले गेले. निर्मितीची जबाबदारी बँडसोबत मुख्यतः रॉय थॉमस बेकर याने सांभाळली. ‘फनी हाउ लव्ह इज’ या गाण्याच्या निर्मितीत रॉबिन केबल याचा सहभाग होता.

त्या काळी ट्रायडंटमध्ये 16 ट्रॅकची फीत वापरली जात असे, म्हणजे एका फितीवर 16 स्वतंत्र मुद्रणे शेजारी शेजारी बसत. मर्क्युरी, मे आणि टेलर तिघे मिळून एक ओळ गात, मग तीच ओळ पुन्हा गात, त्यानंतर वरच्या आणि खालच्या पट्टीतले स्वर भरत. ट्रॅक संपत आले की भरलेले ट्रॅक एकत्र करून एक-दोन ट्रॅकवर उतरवले जात आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे थर चढत. या पद्धतीने तीन गळ्यांतून मोठा गायकवृंद उभा राहतो. त्यात दोन अडचणीही होत्या. एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नसत, आणि प्रत्येक नकलेबरोबर फितीची खरखर वाढून ध्वनीचा तजेला कमी होत असे. म्हणूनच गाण्याचा पूर्ण आराखडा आधीच डोक्यात पक्का असावा लागे.

अल्बमच्या दोन बाजूंना नेहमीप्रमाणे ‘ए’ आणि ‘बी’ न म्हणता ‘व्हाइट’ आणि ‘ब्लॅक’ अशी नावे देण्यात आली. पांढऱ्या बाजूवरच्या पाच रचनांपैकी चार ब्रायन मेच्या आणि एक रॉजर टेलरची आहे. काळी बाजू संपूर्णपणे मर्क्युरीची असून तिच्यावर सहा गाणी आहेत. ‘प्रोसेशन’ या पहिल्या रचनेत मेने गिटारचे अनेक थर रचून शोकयात्रेच्या चालीचा वाद्यवृंद उभा केला आहे. अल्बममध्ये सिंथेसायझर वापरलेला नाही, हे वेष्टनावर मुद्दाम छापले होते, कारण ऐकणाऱ्याला तसा संशय येणे साहजिक होते. मेची ‘रेड स्पेशल’ ही गिटार त्याने वडिलांच्या मदतीने घरीच बनवली होती. तिच्या दांड्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले होते, आणि मे ती सहा पेनीच्या नाण्याने छेडत असे.

‘व्हाइट क्वीन’ या गाण्यात मात्र एका जुन्या अकूस्टिक गिटारचा झंकार कानात भरतो. मेने तिची घोडी तासून तारांखाली धातूची बारीक पट्टी बसवली होती. तारा त्या पट्टीला हलकेच टेकत आणि त्यातून सतारीच्या जवळ जाणारा नाद निघे. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी लावतात तेव्हा हेच घडते. तार घोडीला अगदी निसटती स्पर्शत राहते आणि स्वरात इतर स्वरांची छटा उमटते. मिरजेचे कारागीर ज्या तत्त्वावर पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले, त्याच तत्त्वापर्यंत लंडनचा एक संशोधक आपल्या परीने येऊन पोचला होता.

काळ्या बाजूवर अल्बमचे खरे सामर्थ्य दिसते. ‘ओगर बॅटल’ची सुरुवात उलट्या फिरवलेल्या मुद्रणाने होते. त्याला जोडूनच ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’ सुरू होते. हे गाणे रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या त्याच नावाच्या चित्रावर बेतलेले आहे. मनोरुग्णालयात असताना डॅडने 1855 ते 1864 या काळात त्या चित्रावर काम केले आणि ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. जेमतेम 54 सेंटीमीटर उंचीच्या त्या कॅनव्हासवर गवताच्या पात्यांमागे डझनावारी चिमुकल्या आकृत्यांची गर्दी आहे. मर्क्युरीने तीच दाटी संगीतात उतरवली. हार्पसिकॉर्डची वेगवान लय, कधी डावीकडून तर कधी उजवीकडून येणारे आवाज आणि अडीच-तीन मिनिटांत येऊन जाणारी असंख्य पात्रे यांमुळे चित्र पाहिल्याचाच भास होतो. पुढचे ‘नेव्हरमोर’ हे सव्वा मिनिटाचे हळवे पियानोगीत आहे आणि त्यानंतर ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ येते. साडेसहा मिनिटांच्या या रचनेत चाल, लय आणि भाव वारंवार पालटतात, गायकवृंद उसळतो, मधेच सारे शांत होते आणि पुन्हा उसळी घेते. पुढील वर्षीच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची ही सरळ पूर्वपीठिका होय.

मुखपृष्ठही तितक्याच विचाराने घडले. छायाचित्रकार मिक रॉक याने ‘शांघाय एक्स्प्रेस’ या 1932 च्या चित्रपटातील मार्लेन डीट्रिचच्या छायाचित्रावरून कल्पना घेतली. काळ्या पार्श्वभूमीवर चार चेहरे आणि फ्रेडीचे छातीवर एकमेकांवर ठेवलेले हात, अशी ती मांडणी होती.

अल्बम 1973 च्या उन्हाळ्यातच मुद्रित झाला असला, तरी पहिला अल्बम नुकताच बाजारात आलेला असल्याने तो थांबवला गेला. पुढे तेलसंकटामुळे इंग्लंडमध्ये वीज आणि कच्च्या मालाची टंचाई आली आणि विलंब वाढला. याच सुमारास नशिबाने एक संधी दिली. फेब्रुवारी 1974 मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात बोवीच्या जागी आयत्या वेळी क्वीनला बोलावले गेले. त्यांनी सादर केलेले ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे गाणे लगोलग प्रकाशित झाले आणि ब्रिटिश यादीत 10 व्या क्रमांकावर पोचले. अल्बमने 5 वा क्रमांक गाठला. समीक्षकांनी मात्र त्याची कठोर संभावना केली. या भपक्याच्या मुळाशी काही नाही, असा अनेकांचा सूर होता.

अमेरिकेत अल्बमला पाय रोवायला वेळच मिळाला नाही. ‘मॉट द हूपल’ या बँडबरोबरचा तिथला पहिला दौरा ब्रायन मेला कावीळ झाल्याने मे महिन्यात अर्धवट सोडावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘शीअर हार्ट अटॅक’ आला आणि त्यातले ‘किलर क्वीन’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. 1975 च्या शेवटी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने सलग नऊ आठवडे अग्रस्थान राखले आणि बँडची आधीची सारी कामगिरी मागे पडली. त्या गाण्याच्या चित्रफितीत अंधारातून उजळणारे चार चेहरे ‘क्वीन टू’च्या मुखपृष्ठावरूनच घेतलेले आहेत. चित्रफीत जगाच्या लक्षात राहिली, मूळ अल्बम मात्र मोजक्यांच्याच.

नंतरच्या पिढ्यांनी क्वीनला ओळखले ते मुख्यतः 1981 च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मधून. ब्रिटनमध्ये 70 लाखांहून अधिक प्रती खपलेल्या या संग्रहातील 17 गाण्यांपैकी ‘क्वीन टू’चे एकच आहे. 1985 च्या ‘लाइव्ह एड’ मैफलीत या अल्बममधले एकही गाणे नव्हते. सुटी गाणी निवडून केलेल्या संग्रहाला असा अल्बम मानवत नाही. काळी बाजू एकसलग ऐकण्यासाठी रचलेली आहे आणि तिच्यातले एखादे गाणे वेगळे काढले की त्याची ताकद उणावते.

अल्बममध्ये उणिवाही आहेत. पांढरी बाजू काळीच्या मानाने संथ आहे. टेलरचे ‘द लूझर इन द एंड’ हे आई आणि मुलाच्या दुराव्याचे गाणे भोवतालच्या परी-राक्षसांच्या जगात उपरे वाटते. शब्दांमागचा अर्थ काही ठिकाणी लागत नाही आणि अनेक थरांमुळे ध्वनी कधी कधी गढूळ होतो. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’मध्ये मांडणी अधिक सफाईदार आहे आणि शैलींची विविधताही मोठी आहे. मात्र ती सफाई ज्या प्रयोगांतून आली, ते येथे अधिक धीटपणे केलेले आहेत.

संगीतकारांनी हे लवकर ओळखले. ‘गन्स अँड रोझेस’चा गायक ॲक्सल रोझ याने या अल्बमबद्दलची आपली ओढ जाहीरपणे सांगितली आहे. 1974 मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये झालेल्या मैफलींचे मुद्रण 2014 मध्ये प्रकाशित झाले. स्टुडिओत अनेक थरांनी रचलेले हे संगीत चौघेच जण रंगमंचावर किती आत्मविश्वासाने पेलत होते, ते त्यातून नव्या श्रोत्यांना कळले. सर्वसामान्य श्रोत्यांच्या यादीत ‘क्वीन टू’ आजही मागेच आहे. बँडच्या घडणीचा विचार केला तर मात्र त्याची जागा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’च्या शेजारी आहे, कारण त्या अल्बमचे यश ज्या तंत्रावर आणि धाडसावर उभे राहिले, ते दोन्ही येथे आधीच सिद्ध झाले होते.