शंकरपट आणि पाव मैल

तुमसरचे नाव परमुलखातील माणसाच्या कानी पडते ते बहुधा दोन कारणांनी, एक तेथील धानाचा बाजार आणि दुसरे चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी. या दोहोंचा इतिहास सांगताना आगगाडीला अग्रपूजेचा मान मिळतो आणि तो यथार्थही आहे. कारण नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरमापी रूळ 1880 च्या सुमारास या मुलखातून गेला, 1887 नंतर बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंदमापी केला, 1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही कंपनी खनिजाच्या शोधार्थ स्थापन झाली, आणि देव्हाडीजवळचे तुमसर रोड हे स्टेशन पुढे तिरोडीकडे फुटणाऱ्या फाट्याचे जंक्शन झाले. परंतु धानाचे पोते असो की खनिजाचा दगड, त्याला रुळापर्यंत आणून घालणारी शक्ती बैलाचीच होती, आणि त्या बैलाच्या वेगाचा इतिहास मात्र कोणत्याही अहवालात सापडत नाही. तो शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, सापडतो.

वैनगंगेच्या खोऱ्यात पटाचा हंगाम म्हणजे पौष-माघाचे दिवस. धानाची कापणी आणि मळणी उरकलेली असते, बांध्या कोरड्या पडून टणक झालेल्या असतात, चिखलणीत गुडघाभर रुतून राबलेल्या बैलांना विसावा असतो आणि कास्तकाराच्या हाती, वर्षातून एकदाच, चार पैसे खुळखुळत असतात. गावाबाहेरच्या सपाट रानात ढेकळे फोडून, पाणी मारून, सरळ रेषेत धावपट्ट्या आखतात. हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी सुटण्याच्या रेषेवर आणतात. धुरकरी धुरेवर उकिडवा बसून दोन्ही कासरे मुठीत धरतो, झेंडी पडते, आणि बोटावर मोजता येतील एवढ्या सेकंदांत सारा निकाल लागतो. पूर्वी तो पंचांच्या डोळ्यांवर लागे, आता सेकंदाचे भाग मोजणाऱ्या घड्याळावर लागतो. रात्री त्याच गावी दंडार किंवा झाडीपट्टीचे नाटक उभे राहते, सोयरेधायरे मुक्कामाला येतात, लग्नाच्या बोलण्या होतात. वडशाच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम या पटांवर आणि मंडईंवर किती अवलंबून असतो हे त्या बाजूच्या कोणालाही विचारावे.

या प्रथेचा पोशिंदा दीर्घकाळ मालगुजार होता. गावाची जमाबंदी ज्याच्या नावे, तलावाच्या पाण्याची वाटणी ज्याच्या शब्दावर, त्याच्या दारची जोडीही परगण्यात नावाजलेली असावी, ही त्या काळची अपेक्षा होती. माल वाहण्यासाठी जड बंडी आणि माणसांच्या प्रवासासाठी हलकी रेंगी किंवा दमणी, असा वाहनांचा भेद या प्रांतात पूर्वापार चालत आलेला होता. रेंगीला जुंपायचा बैल ओढीपेक्षा चालीसाठी निवडला जाई. वर्धा-नागपूरकडचा पांढराशुभ्र, लांबट चेहऱ्याचा, अंगाने सडपातळ गवळाऊ बैल त्यासाठी विशेष नावाजलेला होता. हलकी गाडी आणि तिच्या मानाने अवाजवी शक्ती, या एका सूत्रात पटाचे सारे यंत्रशास्त्र सामावलेले आहे.

हेच सूत्र अमेरिकेतील डेट्रॉईट परिसरात 1964 मध्ये एका मोटारीच्या रूपाने अवतरले. पाँटिअॅक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीसाठी घडवलेले 389 घन इंचांचे, 325 अश्वशक्तीचे इंजिन बसवले आणि तिला जीटीओ हे नाव दिले. तेथून ज्यांना मसल कार म्हणतात त्या दांडग्या गाड्यांचे युग सुरू झाले असे बहुतेक जाणकार मानतात. क्रायस्लरचे 426 घन इंचांचे हेमी, फोर्डचे 428 घन इंचांचे कोब्रा जेट आणि शेव्हरोलेचे 1970 मधील 454 घन इंचांचे एलएस-6 ही त्या युगातील तीन इंजिने जाणकार आजही एकमेकांसमोर उभी करतात. हेमीच्या ज्वलनकक्षाचा माथा अर्धगोलाकार असल्यामुळे मोठ्या झडपांना जागा मिळून मिश्रणाचा श्वासोच्छ्वास मोकळा होई. एलएस-6 ने 450 अश्वशक्तीचा आकडा उघडपणे जाहीर केला. आणि कोब्रा जेटने नेमके उलटे केले, ज्याची गोष्ट पुढे येईल.

त्यांची कसोटी लागे ती पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे 402 मीटरच्या सरळ रस्त्यावर. दोन गाड्या शेजारी उभ्या, सुरुवात थांबलेल्या अवस्थेतून, वळण एकही नाही, हरणारा बाद आणि जिंकणारा पुढच्या जोडीसमोर. वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढून रस्त्यावरच्या बेकायदा चुरशीला मैदानात आणले, आणि 1955 मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. योगायोग असा की त्याच 1951 साली, मार्चअखेरीस, मध्य प्रदेशातील मालगुजारी कायद्याने संपुष्टात आली, तुमसरही तेव्हा त्याच राज्यात होते, आणि येथील पट मालगुजाराच्या वाड्यावरून हळूहळू गावाच्या मंडळाकडे आला. तिकडे बेबंद खेळाला नियम मिळाले, इकडे एका घराण्याच्या मर्जीतला खेळ पंचांच्या हाती गेला. दोन्हीकडे प्रश्न एकच उभा राहिला, की असमान शक्तींना एका रेषेवर न्यायाने कसे उभे करावे.

अमेरिकेने त्याचे उत्तर वर्गवारीत शोधले. स्टॉक आणि सुपर स्टॉक या गटांत गाडीच्या वजनाला तिच्या अश्वशक्तीने भागून येणाऱ्या आकड्यावरून तिची पायरी ठरे. वजन तराजूवर दिसते. अश्वशक्ती मात्र कारखान्याने सांगितली तीच धरावी लागे, आणि येथेच पळवाट निघाली. 1968 मध्ये फोर्डने कोब्रा जेट इंजिनाची शक्ती अवघी 335 जाहीर केली. त्या वर्षीच्या पोमोना येथील हिवाळी स्पर्धेत याच इंजिनाच्या मस्टँगने सुपर स्टॉकचे अजिंक्यपद पटकावले, तेव्हा कागदावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक बळ त्यात आहे हे सर्वांना दिसून आले. अखेर संस्थेने कारखान्याचा शब्द बाजूला ठेवून प्रत्यक्ष धावेवरून अश्वशक्तीचा आकडा स्वतः ठरवण्याचा अधिकार घेतला. सरकारी जमाबंदीत रयतेने सांगितलेल्या पिकावर विसंबून न राहता अंमलदाराने स्वतः नजरपाहणी करावी, तसाच हा प्रकार होय.

आपल्याकडे ही नजरपाहणी बैलाच्या तोंडात होते, आणि माझ्या मते वर्गवारीची ती पद्धत अधिक प्रामाणिक आहे. वासराचे दुधाचे दात पडून कायमच्या दातांची पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येते, पुढे दर जोडीला काही महिने लागत चार-पाच वर्षांत आठही दात पुरे होतात. जाणता माणूस बैलाच्या नाकपुडीशी एक हात नेतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ दाबून उलटवतो, क्षणभर पाहतो आणि वय सांगून मोकळा होतो. पश्चिम महाराष्ट्रात यावरून आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात. विदर्भात अ, ब, क असे गट आणि त्यांच्याशिवाय गावच्या जोड्यांसाठी वेगळा गट ठेवण्याची चाल आहे, जेणेकरून लाखमोलाच्या जोडीपुढे साध्या कास्तकाराची घरची जोडी पहिल्याच फेरीत गारद होऊ नये. पुणे जिल्ह्यातील घाटांत तर खेळाची रीतच निराळी: तेथे चार बैल, पुढे धावणारी घोडी, आणि सारी चुरस घड्याळाशी. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या प्रसिद्ध पटात स्त्रियाही धुरकरी म्हणून उतरतात, ही गोष्ट विदर्भाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

तथापि इंजिन आणि बैल यांच्यातील एक भेद कोणत्याही तुलनेने पुसता येत नाही. इंजिनाला वेदना नाहीत; बैलाला आहेत. तुतारीचे, म्हणजे अणकुचीदार काठीचे, टोचणे, शेपटी पिरगाळणे, पुढे पुढे विजेचे धक्के, हे प्रकार पटात शिरले होते आणि त्यांचा बचाव करता येत नाही. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली ती या क्रौर्याच्या मुद्द्यावरच. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, धावेचे अंतर एक हजार मीटरच्या आत ठेवावे लागते, आणि नियमभंगास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अमेरिकेतील त्या इंजिनांवरही कायद्याचीच कुऱ्हाड पडली होती. 1970 च्या स्वच्छ हवेच्या कायद्याने आणि विम्याच्या वाढत्या हप्त्यांनी त्यांचा श्वास कोंडला आणि 1971 नंतर हेमी कारखान्यातून येईनासे झाले. पण त्या इंजिनांचे आकडे, धावांच्या वेळा, कोणत्या वर्षी कोणत्या मैदानावर कोण जिंकले याची नोंद तेथे शाबूत आहे.

आपल्याकडे बंदीच्या साडेसात वर्षांत किती जोड्या विकल्या गेल्या आणि किती धुरकरी धंदा सोडून नागपूरच्या कारखान्यांत गेले, याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. म्हणून तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली या बाजूच्या ज्या ज्या गावी पट भरत आला आहे, तेथील मंडळांच्या जुन्या निकालवह्या, इनामांच्या याद्या, मालगुजारांच्या घरची खर्चाची बाडे आणि म्हाताऱ्या धुरकऱ्यांच्या तोंडची जोड्यांची नावे कोणीतरी गोळा करावीत. हे काम नगर वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला सहज जमेल, मात्र ते याच पिढीत व्हायला हवे. कारण मालगुजारीचा काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत.