अर्धं पाणी जमिनीचं

धोबीतलावला उतरा. मेट्रोच्या सिग्नलला नको, १८४० सालच्या आषाढात उतरा. सिग्नल नाही, सिनेमा नाही. तळं मात्र खरोखरीचं आहे आणि काठोकाठ भरलंय. धोब्यांचे दगड ओस पडलेत, कारण अशा पावसात कपडे वाळणार कुठे? फ्रामजी कावसजी बानाजींनी पदरचे पैसे घालून हे तळं दुरुस्त करून घेतलं, त्याला काही वर्षं झालीत. कागदोपत्री त्यांचं नाव लागलंय. लोकांच्या तोंडी धोबीतलावच.

चपला हातात घ्या, पायाखाली माती आहे. गिरगावाकडून पाणी येतंय ते बघा. तिकडच्या वाड्या अजून खऱ्या वाड्या आहेत, माडांच्या आणि फणसांच्या. पाऊस आधी झावळ्यांवर अडतो, मग बुंध्यावरून ओघळत आळ्यात उतरतो. आळं भरायला वेळ लागतो. भरलं की कडेची माती जिथे खचली असेल तिथून धार फुटते, ती पुढच्या आळ्यात. तिथून चरात, चरातून विहिरीच्या अंगानं खाली, आणि मग कधीतरी तळ्यात. पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी ती धार चालूच असते. पाणी शहरातूनच जातंय, पण रमतगमत.

हे सगळं रम्य वगैरे मानू नका. त्याच तळ्यात धुणी, शेजारच्या विहिरीवर हंडे, आणि पटकीची साथ आली की घरटी माणूस जातो. जुन्या मुंबईत परत जायला हवं असं कुणी म्हणालं, तर त्याला त्या विहिरीचं घोटभर पाणी पाजावं.

आता भायखळ्याच्या दिशेनं चाला. या सखल भागात पूर्वी समुद्र यायचा. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरती आत शिरायची. १७८४ साली हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला आणि ती वाट बंद झाली. समुद्र अडला, जमीन मात्र होती तितकीच खोल राहिली. बशीसारखी: कडा उंच, मधला भाग भरतीच्या पातळीखाली. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला बांध आतलं पाणीही सुखासुखी बाहेर जाऊ देत नाही, हे पहिल्या मोठ्या पावसातच कळलं असणार.

पुढे चला. १८६० साली विहार तलाव पुरा झाला. नळानं पाणी यायला लागल्यावर गावातल्या तळ्यांची गरज हळूहळू संपत गेली. तेव्हा कुणी मोठा निर्णय घेतला असं नाही. जे लागत नाही त्याच्याकडे बघणं बंद झालं, एवढंच.

त्यानंतरच्या दशकांत केव्हातरी एका इंजिनिअरच्या टेबलापाशी थांबा. साल नेमकं विचारू नका, मुंबईची पावसाळी गटारं एका वर्षात बांधलेली नाहीत. कागदावरचा आडाखा मात्र नीट वाचून घ्या. तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि समुद्राला ओहोटी, एवढं गृहीत धरलंय. त्याच्याखाली आणखी एक आकडा आहे, ०.५. म्हणजे पडलेल्या पावसातला निम्माच गटारात येणार, उरलेला निम्मा जमीन पिणार. गटाराची रुंदी, खोली, उतार, सगळं या आकड्यावर बेतलेलं आहे. इंजिनिअरनं वाड्या, बागा, तळी, चिखलाची मैदानं यांना न सांगता कामावर लावून घेतलंय. पगार नाही, म्हणून हजेरीपटावर नावही नाही.

मग १९११. डॉ. बेंटली मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल देतात. डास पैदा होतात ते घराघरांतल्या विहिरींत, टाक्यांत, हौदांत. म्हणून विहिरी झाका, बुजवा. अहवालात तथ्य होतं. पारशांनी धर्माचं कारण सांगून विहिरी बुजवायला विरोध केला, तेव्हा काही विहिरींवर नुसती झाकणं बसली. शहरातली तळीही एकेक करून गेली. गोवालिया टँक बुजलं, वर मैदान झालं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'साठी लोक जमले ते तिथेच. सी. पी. टँक आता बसच्या पाटीपुरतं उरलंय. भराव टाकणाऱ्या मजुरांशेजारी उभं राहून तुम्हाला वाईट वाटेल. पण घरात तापानं फणफणलेलं पोर असतं, तर बुजवण्याच्या अर्जावर तुम्हीही सही केली असती. मीसुद्धा.

तळ्याच्या जागी निदान मैदान आलं होतं. खरी गडबड नंतरची: मिठागरं, खाजणं, तिवरांची चिखलवट, वाड्यांची अंगणं, सगळ्यांवर हळूहळू काहीतरी कडक अंथरलं गेलं. वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या दलदलीवर उभं राहिलं. विमानतळापाशी तर नदीलाच काटकोनात वळणं घ्यायला लावलं.

आता कुर्ल्याला उतरा. २६ जुलै २००५, दुपारचे तीन. पाणी घोट्याला आहे, फारसं काही वाटत नाही. पण बघा, ते रस्त्याच्या कडेनं गटाराकडे जात नाहीये. गटाराच्या जाळीतून बुडबुडे काढत वर येतंय. याच दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती आहे. पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी शहराची मुखं १८६, त्यातली भरतीच्या पातळीहून उंच जेमतेम ६. बाकीच्यांना त्या घडीला समुद्रच बूच लावून बसलाय. सांताक्रूझला अडीच ते साडेतीन या एका तासात १९० मिलिमीटर पडतोय, आणि गटारांचा आडाखा आठवतोय ना? २५. तोही ओहोटीचा.

चारला पाणी मांडीला, पाचला कमरेला. दुभाजकाचा कठडा सोडू नका. पुढे एक माणूस बांबू रोवून उभा आहे आणि जाणाऱ्या प्रत्येकावर ओरडतोय, "डावीकडून, डावीकडून!" त्याच्या उजव्या बाजूला मॅनहोल उघडं आहे. मोबाईल मुका झालाय. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून कुणीतरी दोरीनं पार्ल्याचे पुडे सोडतंय. रात्र डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर काढा, जागा होते. कुलाब्यात त्याच चोवीस तासांत ७३ मिलिमीटर झाला, सांताक्रूझला ९४४. शहरात चारशेहून जास्त माणसं गेली.

बसमध्ये झोप लागणार नाही, तर तेवढ्यात १९९३ मध्ये जाऊन या. ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल नुकताच आलाय. गटारांची ताकद तासाला ५० मिलिमीटर करा, असं तो सांगतो; तो बराच काळ कपाटात राहिला, हे पुढे सगळ्यांनी ऐकलं. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. जुन्या कागदावर जिथे ०.५ होतं, तिथे आता १ आहे. म्हणजे आभाळातून पडलेला थेंब न थेंब गटारातच येणार. जमीन काहीही पिणार नाही, असं धरून चाला. इंजिनिअरनं खिडकीबाहेर बघितलं आणि दिसलं ते लिहिलं, त्याचा काय दोष! पण एका शहरानं आपली जमीन हिशेबातून अधिकृतपणे वजा केली ती इथे, आणि या ओळीवर कुणी मोर्चा काढला नाही.

आजच्या हिंदमाताला या. कपड्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवरच्या जुन्या पाणरेषा अजून दाखवतील तुम्हाला. इथलं पाणी आता पंपानं ओढून परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली बांधलेल्या टाक्यांत नेतात, आणि ओहोटी लागली की बाहेर सोडतात. शंभर वर्षांपूर्वी तळी बुजवून मैदानं केली. आता मैदानं खणून खाली तळी केली. टाक्यांचा उपयोग होतो, उगाच नावं ठेवणार नाही. पण टाकी पाणी धरते, पीत नाही. वर रस्ते काँक्रीटचे होतायत आणि पेव्हर ब्लॉक झाडाच्या बुंध्याला जाऊन भिडलेत. एकीकडे खोलगट भांडी वाढवायची आणि दुसरीकडे ओतणाऱ्याचा हात मोकळा सोडायचा, असं चाललंय.

वाटेत दोन मिनिटं बँकॉकला थांबा. चुलालोंगकोर्न विद्यापीठाची अकरा एकरांची बाग, २०१७ सालची. लँडस्केप आर्किटेक्ट कोचाकोर्न वोराकोम यांनी ती मुद्दाम तिरकी बांधलीय. वरून पाणी उताराच्या पाणथळीत झिरपत तळाच्या तळ्यात जातं, आणि जोराच्या पावसात हिरवळीवरही पसरतं. तसंच चीनमधल्या झेंगझौलाही नजर टाका. शहराला स्पंज करायच्या कामावर तिथे भरपूर पैसा ओतला होता. २० जुलै २०२१ ला तासात २०१.९ मिलिमीटर पडला आणि भुयारी रेल्वेत माणसं बुडाली. तेव्हा सव्वीस जुलैचं पाणी जमीन पिऊन टाकेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मुंबईची माती चिकण, खाली काळा पाषाण. तिचा घोट लहान. तिच्याकडून मागायचं ते दर जुलैत चार-पाचदा येणाऱ्या साध्या मुसळधारेचं, आणि मागायचा तो वेळ. भरती उतरायला सुमारे सहा तास लागतात.

शेवटचा थांबा दादरला, २०४५ मध्ये. हे साल अर्थातच मी रचलेलं आहे. मैदान रस्त्यापेक्षा दोन फूट खाली घेतलंय. फूटपाथच्या कडेला जागोजागी खाचा आहेत, त्यातून रस्त्याचं पाणी आधी झाडांच्या रुंद आळ्यांत आणि मग मैदानात उतरतं. काल मैदानावर गुडघाभर पाणी होतं, आज क्रिकेट बंद आहे. समोरच्या सोसायटीची सभा चालू आहे. गच्चीचं पाणी जुन्या विहिरीत सोडण्याचा ठराव दहा मिनिटांत मंजूर झाला; अंगणातले पेव्हर काढून माती मोकळी करण्यावर मात्र तास झाला तरी घोळ मिटत नाही, कारण तीन गाड्यांची पार्किंग जाते.

"आणि डासांचं काय?" तिसऱ्या मजल्यावरच्या आजी विचारतात. "आमच्या पणज्यांनी तळी काही हौसेनं नव्हती बुजवली."

सेक्रेटरी खिडकीतून मैदानाकडे बोट दाखवतात. कीटकनाशक खात्याचा माणूस डबक्यात पळी बुडवून अळ्या शोधतोय. मैदानाच्या नकाशात अटच आहे: पाणी तीन दिवसांच्या आत उतरलं पाहिजे, अंड्याचा डास व्हायला आठवडा तरी लागतो. आजींचं समाधान होत नाही. तीन दिवसांनी मी स्वतः खाली जाऊन बघणार, असं त्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावतात, आणि सभा पुन्हा पार्किंगवर येते.