आजीचं पत्र कोणी लिहिलं?

१ जानेवारी १८१८ आपल्याला तोंडपाठ आहे. कोरेगावच्या स्तंभावरची, शेवटी 'नाक' लागलेली नावं आपण मान वर करून वाचतो. पण त्या शिपायांच्या घरी काय चाललं होतं, हे आपण विचारलं नाही. मी सोलापूरच्या बुधवार पेठेतला. घरची लढाई मला आजीनं सांगितली.

१ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. भरतीसाठी बाबासाहेबांनीच हाक दिली होती. आजोबा गेले. आजी पोटुशी, सोलापूरजवळच्या सासरच्या गावी.

आजीला अक्षर येत नव्हतं. बाजाराच्या दिवशी ती शहरात एका कारकुनाकडून पत्र लिहून घ्यायची. पायरीखाली उभी राहून सांगायची. पहिली अडचण, नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? ते बरोबरचा पुतण्या सांगायचा. दुसरी अडचण मायन्याची. आजी म्हणायची, 'जयभीम लिवा.' कारकून हसायचा आणि 'जोहार' लिहायचा. पुतण्यानं अक्षरं जुळवून वाचलं, तेव्हा कुठं तिला हे कळलं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. गाव येसकरकीची पाळी सोडायला तयार नव्हतं. घरचा माणूस सरकारच्या वर्दीत, आणि त्याची बायको अवघडल्या अंगानं गावची लाकडं फोडायला! हे कारकुनापुढं बोलावं तर संध्याकाळपर्यंत गावात पोचणार. म्हणून दर कार्डात एकच ओळ : इकडील सर्व खुशाल आहे.

आपल्या बाईला अक्षर का नव्हतं, यालाही इतिहास आहे. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. नोकऱ्या गेल्या, एवढंच आपण मोजतो. पण पलटणीत शिपायांच्या पोरांना आणि पोरींनाही शिकणं सक्तीचं असायचं. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. भरती थांबली, तसं शाळेचं ते दारही मिटलं. १९१७ मध्ये लढाईची गरज म्हणून १११ वी महार पलटण काढली, गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. आपला माणूस १९४१ ला पुन्हा बंदूक घेऊन उभा राहिला, तेव्हा घरात पत्र लिहिणारं कोणी नव्हतं.

फौजेची पत्रं सरकार फोडून वाचायचं. दोन्ही महायुद्धांत सेन्सॉरनं हिंदी शिपायांच्या पत्रांतले उतारे इंग्रजी करून ठेवले. ते कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या उताऱ्यांत घरच्या महागाईची, धान्याची काळजी दिसते. पण सेन्सॉर लिहिलेलंच कापणार. आजीचं दुःख कागदावर येतच नव्हतं.

१९४३ मध्ये ती कडेवर पोर घेऊन सोलापूरला वस्तीत आली, गिरणीत लागली. शेजारचा एक शाळकरी पोरगा तिची कार्डं लिहू लागला. पहिल्या कार्डात वर 'जयभीम', खाली येसकरकीची सगळी हकिगत. पोरानं ते दोनदा वाचून दाखवलं, मगच तिनं पेटीत टाकलं. आजोबांचं उत्तर आलं : वतन गेलं तर जाऊ द्या, पाळी करायची नाही. दिरानं त्या महिन्यापासून पाळी सोडली. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी बिल आणलं १९२८ मध्ये, वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये. आमच्या घरात हा निकाल मधेच, एका कार्डावर लागला.

आजोबा परत आले, तेव्हा ते एकच कार्ड त्यांच्या ट्रंकेत होतं. खुशालीची सगळी त्यांनी फेकून दिली होती.

ती माणसं आता राहिली नाहीत. ट्रंका मात्र अजून माळ्यावर आहेत. त्या रद्दीत घालण्याआधी उघडा. मनिऑर्डरची पावती, पलटणीचं पुस्तक, अर्धं फाटलेलं कार्ड, जे सापडेल ते जपा. आणि पत्र 'सर्व खुशाल' म्हणत असेल, तर ते कोणाच्या हातानं लिहिलंय, हे आधी विचारा.