ब्राह्ममुहूर्त आणि यथाशक्ति : प्रातःकालीन आचाराचा इतिहास

मठात दिवसाचा आरंभ पहाटेच्या घंटेने होतो. गाभाऱ्यातील निर्माल्य दूर होते, समईची ज्योत उजळते, काकडआरतीचे सूर उठतात आणि पाठशाळेतील विद्यार्थी स्नानसंध्या आटोपून संथेला बसतात. उत्सवानिमित्त दूरदूरच्या गावांहून आलेला भक्त हे दृश्य पाहतो, तेव्हा त्याच्या मनात एकाच वेळी दोन भाव उत्पन्न होतात. एक असा की, हा क्रम अनादि असून त्यात कधी तिळमात्र बदल झालेला नाही. दुसरा असा की, हे सर्व आपल्या हातून होणे नाही. पहिल्या समजुतीने इतिहास झाकला जातो आणि दुसरीने आचार सुटतो. या दोन्ही समजुती कितपत खऱ्या आहेत, हे आपल्या शास्त्रग्रंथांच्या व लोकजीवनाच्या साक्षीने पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम काळाच्या मोजमापाचा विचार केला पाहिजे. प्राचीन गणनेप्रमाणे अहोरात्राच्या साठ घटिका व तीस मुहूर्त होत. एक घटिका म्हणजे 24 मिनिटे आणि दोन घटिकांचा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटे. रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त तो ब्राह्ममुहूर्त. अर्थात सूर्योदयापूर्वी सुमारे 96 मिनिटांनी त्याचा आरंभ व 48 मिनिटांनी त्याची समाप्ती होते. तळाला सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडावे, ते भरून बुडाले की एक घटिका झाली असे समजावे, आणि ही गणना सूर्योदयापासून करावी, अशी रीत होती.

यावरून एक गोष्ट सहज ध्यानात येईल. ब्राह्ममुहूर्ताला घड्याळातील ठराविक तास नाही. गोव्यात जूनच्या आरंभी सूर्य सुमारे सहा वाजता उगवतो, तर जानेवारीच्या मध्यास सुमारे सात वाजता. ग्वाल्हेरीस हे अंतर याहून मोठे असते. तेथे जूनमध्ये साडेपाचच्या आतच सूर्योदय होतो, तर जानेवारीत सात वाजून जातात. म्हणजे ज्या घरात बारा महिने पहाटे चारचाच नियम कडकपणे पाळला जातो, त्या घरात हिवाळ्यात ब्राह्ममुहूर्त लागण्याच्या पुष्कळ आधीच माणसे उठून बसलेली असतात. 1906 साली देशभरासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तेव्हा सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांची फारकत अधिकच वाढली. मुंबई शहराने तर आपली स्थानिक वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे असे. सूर्यावर बेतलेला आचार घड्याळावर बेतला गेला, ही या इतिहासातील एक मोठी घडामोड होय, आणि ती अलीकडची आहे.

आता ग्रंथांकडे वळू. प्रातःसंध्येतील अर्घ्याचे मूळ तैत्तिरीय आरण्यकात सापडते. उगवत्या सूर्याशी झुंजणाऱ्या मंदेह नामक राक्षसांना अर्घ्याचे जल दूर सारते, असे तेथे सांगितले आहे. मनुस्मृतीत प्रातःसंध्येच्या जपास उभे राहून सूर्यदर्शनापर्यंत तो चालविण्याचा विधी आहे. त्याच स्मृतीत गृहस्थाने ब्राह्ममुहूर्ती जागे होऊन प्रथम काय करावे, याचेही उत्तर आहे. धर्म आणि अर्थ यांचे चिंतन करावे आणि त्यांच्यासाठी देहाला पडणाऱ्या क्लेशांचाही विचार करावा, असे मनू सांगतो. आज करावयाच्या कामापायी शरीराला किती झीज सोसावी लागणार आहे, याचा हिशेब अंथरुणावरच व्हावा, हा यातील आशय मननीय आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील राजाची दिनचर्या तर फारच कठोर दिसते. दिवसाचे आठ व रात्रीचे आठ भाग नालिकेने अथवा छायेने मोजावेत, रात्रीच्या चौथ्या व पाचव्या भागात झोप घ्यावी, सहाव्या भागी वाद्यघोषाने जागे होऊन शास्त्राचे व कर्तव्याचे चिंतन करावे, सातव्या भागी मंत्रणा करून हेर रवाना करावेत, असा तो क्रम आहे. आठव्या भागी ऋत्विज, आचार्य व पुरोहित यांचे आशीर्वाद घ्यावयाचे आणि मग वैद्य, पाकशाळेचा अधिकारी व ज्योतिषी यांची भेट घ्यावयाची. राज्यकारभारास हात घालण्यापूर्वी राजाने वैद्यास भेटावे, ही योजना ध्यानात घेण्यासारखी आहे. परंतु याहूनही महत्त्वाचे वाक्य त्या प्रकरणात पुढे येते. हे भाग सांगून झाल्यावर कौटिल्य म्हणतो की, अथवा राजाने आपल्या बळाला अनुकूल असे दिवसरात्रीचे विभाग पाडून कामे करावीत. नियम घालून देणाऱ्यानेच नियमाचे माप माणसाच्या शक्तीवर सोपविले आहे.

हाच विचार आयुर्वेदात अधिक विस्ताराने आढळतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येलाच वाहिलेला आहे. ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा उपदेश त्याच्या आरंभीच येतो, परंतु तो ‘स्वस्थ’ मनुष्याला उद्देशून आहे, आणि आयुष्याचे रक्षण हा त्याचा हेतू सांगितला आहे. अष्टांगसंग्रहात तर उठताना रात्रीचे अन्न जिरले आहे की नाही ते पाहावे, असेही म्हटले आहे. पुढे शौच, नंतर दंतधावन. रुई, वड, खैर, करंज अशा वृक्षांची बारा अंगुळे लांब व करंगळीच्या टोकाएवढी जाड काडी घ्यावी. पण अजीर्ण, वांती, दमा, खोकला, ताप, मुखपाक, हृदयाचे व डोळ्यांचे विकार असलेल्यांनी ती वापरू नये. नंतर अंजन, नस्य, गंडूष, अभ्यंग. अभ्यंग नित्य करावा, विशेषतः मस्तक, कान व पाय यांना तेल लावावे. पण कफाने ग्रासलेल्याने व अजीर्ण झालेल्याने तो टाळावा. स्नानात ऊन पाणी मानेखाली बळ देते, तेच डोक्यावर घेतल्यास केसांना व डोळ्यांना अपाय करते. प्रत्येक विधीच्या मागोमाग त्याचा निषेध ठेवलेला आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

व्यायामाच्या बाबतीत तर आचार्यांनी मापच घालून दिले आहे. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, अन्य ऋतूंत त्याहून कमी. वातपित्ताच्या रोग्याने, बालकाने, वृद्धाने व अजीर्ण झालेल्याने तो करूच नये. अर्धी शक्ती ओळखावी कशी? सुश्रुतसंहितेत त्याची खूण दिली आहे. व्यायाम करणाऱ्याचा श्वास मुखावाटे येऊ लागला की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. अतिव्यायाम व अतिजागरण करणारा, हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे, स्वतःच नाश पावतो, असा वाग्भटाचा इशारा आहे. या यादीत व्यायामाच्या शेजारी जागरण बसविले आहे, हे विशेष होय.

झोपेच्या प्रकरणात वाग्भट याहून पुढे जातो. ज्याला सवय नसता रात्री जागरण घडले, त्याने जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता, झोप घ्यावी, असे तो स्पष्टपणे सांगतो. ब्राह्ममुहूर्ताचा उपदेश करणाऱ्या ग्रंथातच ही मोकळीक आहे. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी माता, प्रसूतीच्या घरची माणसे, रात्रपाळी करणारा कामगार यांना उशिरा उठल्याबद्दल दोष देणाऱ्याने अष्टांगहृदयाचा हा भाग अवश्य वाचावा.

महाराष्ट्राच्या भूमीवर हा आचार लोकभाषेत आणण्याचे श्रेय श्रीसमर्थ रामदासस्वामींना द्यावे लागते. 1608 ते 1681 हा त्यांचा काल. दासबोधाच्या अकराव्या दशकात शिकवणीचा जो समास आहे, त्यात पहाटे उठणे, काही पाठांतर करणे, परमेश्वराचे स्मरण, शौच, मुखमार्जन, स्नान, संध्या, देवतार्चन, मग थोडा फलाहार आणि त्यानंतर संसाराचा उद्योग, असा साधा क्रम आला आहे. यात तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पाठांतर ‘काही’ करावयाचे आहे, त्याची संख्या ठरविलेली नाही. स्मरण यथानुशक्ति करावयाचे आहे. आणि या क्रमाचा शेवट देवघरात होत नसून व्यवहारात, गोड शब्दाने सर्व लोकांना राजी राखण्यात होतो. पहाटेची साधना करून उठलेला मनुष्य घरच्यांवर डाफरत असेल, तर समर्थांच्या मोजमापाने त्याची दिनचर्या अपुरी राहिली, असेच म्हणावे लागेल.

परंतु पोथ्यांतील दिनचर्या बहुतांशी पुरुषाची आहे. घरचा पुरुष ब्राह्ममुहूर्ती उठे, तेव्हा त्याच्या आधी घरातील स्त्री उठलेली असे. जात्यावर दळण, अंगणात सडा, तुळशीवृंदावनापुढे रांगोळी, विहिरीचे पाणी, चूल आणि दूधदुभते, हा तिचा प्रातःकाल. कीर्तनकाराइतकेच किंबहुना त्याच्याहून अधिक पहाटेचे गाणे या स्त्रियांनी निर्माण केले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात त्यांच्या ओव्या संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर व गी पॉयटवँ यांनी 1980 नंतरच्या काळात गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या ओव्यांत देव आहे, माहेर आहे, भाऊ आहे, आणि दळता दळता भरून आलेल्या हातांचे दुःखही आहे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली, श्रम हलके झाले. त्यासोबत ते गाणेही मुके झाले. प्रातराचाराचा इतिहास लिहिताना या जात्याचा विसर पडला, तर तो इतिहास अर्धाच राहील.

विसाव्या शतकात या परंपरेला नवे वळण मिळाले ते सूर्यनमस्कारांच्या रूपाने. सूर्याला नमस्कार घालण्याचा विधी जुना आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पन्नासाव्या सूक्ताच्या अखेरच्या तीन ऋचांवर आधारलेला तृचाकल्प अनेक वैदिक घराण्यांत चालत आला. परंतु शाळेतील मुलामुलींनी रोज सकाळी मोजून घालावयाचा व्यायाम हे त्याचे रूप मात्र अर्वाचीन असून, त्याचा मोठा प्रसार औंध संस्थानचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी केला. विशेष असे की, त्याआधी कित्येक वर्षे ते सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने व्यायाम करीत होते. पुढे त्यांनी नमस्कारांची कास धरली, संस्थानच्या शाळांत ते सुरू केले आणि 1928 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ज्याला लोक आज अनादि समजतात, त्याच्या घडणीत एका प्रजाहितदक्ष राजाचा असा प्रत्यक्ष प्रयोग आहे. याने नमस्कारांचे मोल कमी होत नाही. परंपरा जिवंत असते ती अशीच.

त्याच काळात बडोद्यास जुम्मादादांच्या व्यायामशाळेत प्राध्यापक माणिकराव तरुणांना घडवीत होते. त्यांचे एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (1883–1966), यांनी नर्मदातीरीच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडून योगाची दीक्षा घेतली आणि 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. आसने व प्राणायाम यांचा देहावर काय परिणाम होतो, हे क्ष-किरण व रक्तदाब यांच्या साहाय्याने तपासून ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात प्रसिद्ध करण्याचा उपक्रम त्यांनी आरंभिला. श्रद्धेने स्वीकारलेले प्रयोगाने पारखून घ्यावे, ही दृष्टी त्यांनी दिली.

तीच दृष्टी पुढे अन्यत्रही फळास आली. प्राणिमात्राच्या पेशींत दिवसरात्रीचे एक अंतर्गत घड्याळ असते व ते प्रकाशाशी जुळवून घेते. या घड्याळाची रचना उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळचा उजेड हे घड्याळ लावतो आणि रात्री उशिरापर्यंतचा झगझगीत प्रकाश ते मागे ढकलतो. प्रौढ माणसास सात तास वा अधिक झोप हवी, असे आजचे वैद्यक सांगते. तेव्हा पहाटे उठण्याचा प्रश्न हा वस्तुतः रात्री निजण्याचा प्रश्न आहे. दिवेलागणीनंतर लवकर जेवून निजणाऱ्या पूर्वजांना ब्राह्ममुहूर्त जड गेला नाही. मध्यरात्रीपर्यंत दिव्याखाली बसून त्यांच्याच वेळी उठू पाहणारा त्यांचे अनुकरण करीत नाही, तो फक्त आपली झोप तोडतो.

पाठशाळेच्या जुन्या व्यवस्थेतही हाच विवेक होता. रोज पहाटे संथा चाले, परंतु प्रतिपदा, अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींना अनध्याय असे. नियमाच्या पोटातच विसाव्याची जागा ठेवलेली होती, म्हणूनच तो नियम शतकानुशतके टिकला.

या सर्व इतिहासाचे सार एका शब्दात सांगावयाचे, तर तो शब्द ‘यथाशक्ति’ हा होय. कौटिल्याचे आत्मबल, वाग्भटाची अर्धशक्ती आणि समर्थांची यथानुशक्ती हे एकाच विचाराचे तीन उच्चार आहेत. म्हणून उत्सवाहून घरी परतणाऱ्या भक्ताने मठाचा संपूर्ण क्रम एका दिवसात घरी नेण्याचा अट्टहास करू नये. रात्रीचे जेवण व निजणे घटिकाभर अलीकडे आणावे, सूर्योदयास जागे असावे, मुख धुऊन क्षणभर देवापुढे हात जोडावेत, काही पाठ म्हणावा, अर्ध्या शक्तीने अंग हलवावे आणि दिवसाचा पहिला शब्द गोड बोलावा. घरात पहाटेचे काम एकाच व्यक्तीवर पडत असेल, तर त्यातला वाटा उचलणे हीदेखील उपासनाच समजावी. आजाऱ्याला, वृद्धाला व बालकाला शास्त्रानेच सूट दिली आहे, ती आपण हिरावून घेऊ नये. एवढे जरी घडले, तरी मठातील पहाटेची घंटा आपल्या घरीही वाजली, असे समजावयास हरकत नाही. ती सर्वांच्या घरी वाजो, हीच श्रीचरणी प्रार्थना.