न चमकणाऱ्या पट्ट्याची गोष्ट

या मालिकेत आपण आतापर्यंत तोफा, किल्ले, पूल आणि रस्ते यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय तुमच्या दारात उभा आहे. गाडीवर बोनेटपासून डिक्कीपर्यंत जाणारे काळे किंवा राखाडी पट्टे आता सगळीकडे दिसतात. त्यातले बरेचसे मॅट, म्हणजे बिनचकाकीचे असतात. हे पट्टे रंगाचे नसतात, व्हायनिलच्या पातळ पापुद्र्याचे असतात. सणाच्या आधी घरातलं कुणीतरी वॅक्सचा डबा उघडतं आणि बोनेट, छत, पट्टा सगळं एकाच फडक्यानं घासून काढतं. दुसऱ्या दिवशी गाडी आरशासारखी दिसते आणि पट्ट्यावर मात्र पांढुरके, तेलकट डाग उमटलेले असतात. ते काढायला माणूस आणखी जोरात घासतो, आणि मग पट्टा कायमचा बिघडतो.

हे हलगर्जीपणामुळे होत नाही. उलट ज्याला गाडीची माया आहे, त्याच्याच हातून होतं. कारण आपल्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे, की चमक म्हणजे निगा आणि चमक नाही म्हणजे दुर्लक्ष. ही समजूत मॅट पृष्ठभागाला लागू पडत नाही, कारण त्याची चमक कुणीतरी मुद्दाम काढून घेतलेली असते. ती का काढली, हे इतिहासातून कळलं की निगा कशी राखायची हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

सैन्यात आम्हाला दोन्ही गोष्टी शिकवल्या जात. परेडचा बूट असा घासायचा की त्यात चेहरा दिसला पाहिजे. आणि फील्डक्राफ्टच्या पहिल्या धड्यात शिकवायचे, की वस्तू लांबून का दिसते. आकारामुळे दिसते, सावलीमुळे दिसते, आकाशासमोर उमटणाऱ्या कडेमुळे दिसते आणि चकाकीमुळे दिसते. जीपच्या काचेवर पडलेलं ऊन काही किलोमीटरवरून डोळ्यात भरतं. म्हणून मैदानात काच झाकायची, बक्कल झाकायचं, घड्याळाची काच मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवायची. परेडमधली चमक आणि मैदानातला निस्तेजपणा, दोन्हीला शिस्तच लागते.

या निस्तेजपणाचा एक मोठा टप्पा आपल्याच उपखंडातला आहे. १८४६ मध्ये पेशावर भागात हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्यानं कोअर ऑफ गाइड्स ही तुकडी उभी केली. त्या काळी ब्रिटिश पायदळाची ओळख म्हणजे लाल कोट. लम्सडेननं आपल्या माणसांना मातकट रंगाचे कपडे दिले. फारसीत खाक म्हणजे धूळ, माती, त्यावरून खाकी. पुढं १९०२ मध्ये ब्रिटिश सैन्याचा नेहमीचा सेवागणवेशच खाकी झाला. दूर पल्ल्याच्या रायफलींपुढं भडक रंगाचा कोट परवडणारा राहिला नव्हता.

कपड्यांनंतर पाळी आली गाड्यांची. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीपवर जो ऑलिव्ह ड्रॅब रंग होता, तो मुद्दाम बिनचकाकीचा बनवलेला होता. विमानांचंही तसंच. १९४४ च्या सुमारास अमेरिकेनं बऱ्याच विमानांना पूर्ण रंग देणं थांबवलं, त्यामुळे उघड्या ॲल्युमिनियमची चकाकती विमानं उडू लागली. पण मस्टँगसारख्या लढाऊ विमानाच्या नाकाडावर, वैमानिकाच्या नजरेसमोर, गडद निस्तेज रंगाचा पट्टा ठेवलेला असे. त्याचं काम एकच, धातूवरून परतणारं ऊन वैमानिकाच्या डोळ्यांत जाऊ न देणं. तुमच्या बोनेटवरच्या काळ्या मॅट पट्ट्याचा हा एक पूर्वज समजा.

दुसरा पूर्वज म्हणजे ओळखीचा पट्टा. जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत एका रात्री दोस्त राष्ट्रांची १४४ वाहतूक विमानं छत्रीधारी सैनिकांना घेऊन निघाली. खालच्या आपल्याच तोफांनी ती शत्रूची समजून गोळीबार केला आणि त्यात २३ विमानं पडली. म्हणून जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उतरण्याच्या वेळी विमानांच्या पंखांवर आणि शेपटीकडच्या भागावर तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे रंगवायचा हुकूम निघाला. एक इंजिन असलेल्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, दोन इंजिनांच्या विमानावर २४ इंच. हे गुपित फुटू नये म्हणून काम अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांत उरकलं. जुन्या छायाचित्रांत ब्रशचे वेडेवाकडे फटकारे दिसतात, पण जीव वाचवायला तेवढे पट्टे पुरेसे होते.

शर्यतीच्या गाड्यांवरचे पट्टेही ओळखीसाठीच आले. तेव्हा प्रत्येक देशाचा रंग ठरलेला असे. ब्रिटनचा हिरवा, फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, आणि अमेरिकेचे पांढरा व निळा. १९५० च्या दशकात ब्रिग्ज कनिंगहॅम हा अमेरिकन फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन जायचा. गाडी पांढरी आणि तिच्या लांबीभर दोन निळे पट्टे. १९५३ मध्ये त्याची गाडी तिसरी आली. मग १९६५ मध्ये कॅरोल शेल्बीनं फोर्ड मस्टँगवरून जीटी ३५० बनवली, तीही पांढरी, तिच्यावरही निळे पट्टे. शर्यतीचं चिन्ह अशा रीतीनं सामान्य ग्राहकाच्या गाडीवर आलं.

हे दोन्ही पूर्वज १९६० च्या दशकाच्या शेवटी एकत्र आले. रॅलीच्या गाड्यांत उन्हाची तिरीप बोनेटवरून चालकाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून बोनेट मॅट काळं करायची पद्धत पडली होती. १९६९ ची मस्टँग माक वन कारखान्यातूनच मॅट काळं बोनेट घेऊन आली, आणि तिच्या बाजूंवर प्रकाश परतवणारे पट्टे होते. एकाच गाडीवर उजेड गिळणारा पृष्ठभाग आणि उजेड परत फेकणारा पट्टा, दोघांची कामं वेगळी.

आता हा पट्टा रंगाऐवजी चिकटपट्टी कसा झाला ते पाहू. १९२० च्या दशकात दुरंगी मोटारींची हौस आली. दोन रंगांमधली रेघ सरळ राखण्यासाठी रंगारी कागद चिकटवत, पण तो काढताना खालचा रंगही निघून येई. थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू या तरुणानं रंगाऱ्यांची ही अडचण पाहिली आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली, धरून ठेवणारी पण रंग न उखडणारी. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यानं पीव्हीसी या ठिसूळ प्लॅस्टिकला लवचीक करण्याची युक्ती शोधली. लवचीक व्हायनिल आणि दाबानं चिकटणारा गोंद, आजचा पट्टा या दोघांचा मिळून बनतो.

तो दोन प्रकारचा असतो. व्हायनिल रुळांमध्ये लाटून केलेला साधारण ७५ ते १०० मायक्रॉन जाडीचा. पातळ ओतून वाळवलेला साधारण ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. लाटलेल्यात ताण उरतो, म्हणून उन्हानं तो हळूहळू आकसतो. कडेला गोंदाची बारीक रेघ उघडी पडते आणि तिच्यात धूळ बसून काळी होते. ओतलेला पट्टा महाग पडतो, पण कडा जास्त वर्षं धरून ठेवतो.

मॅटपणा येतो तो पृष्ठभागावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उंचसखलपणामुळे. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेला परततो, ती चमक. खडबडीत पृष्ठभागावरून तो दाही दिशांना विखुरतो, तो मॅट. वॅक्सचं काम नेमकं उलटं आहे. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा असतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण, ८० अंशांच्या वर वितळणारं. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ते बनवतं. गाडीच्या रंगावर ते बारीक ओरखडे भरून काढतं, म्हणून रंग चमकतो. पण मॅट पट्ट्यावर ते खळगे भरतं, तेही कमीजास्त. म्हणून डाग दिसतात. खळग्यात वाळलेलं मेण पांढरं दिसतं. आणि पॉलिश किंवा कंपाउंडनं घासलं तर उंचवटेच झिजतात. भरलेला खळगा रिकामा करता येतो, झिजलेला उंचवटा परत येत नाही.

म्हणून वॅक्सच्या दिवशी क्रम असा ठेवा. गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना काम सुरू करा. आधी नुसत्या पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्या. मग आम्ल किंवा क्षार नसलेला साधा कार शाम्पू घ्या. ज्याच्या बाटलीवर वॅक्स मिसळल्याचं लिहिलं आहे, तो पट्ट्यासाठी नको. मऊ मायक्रोफायबर फडकं पट्ट्याच्या लांबीच्या दिशेनं फिरवा, गोल नको आणि कडेच्या आडवं नको. पुसताना घासू नका, फडकं दाबून पाणी टिपा. बोअरचं जड पाणी पट्ट्यावर वाळू देऊ नका, त्याचे गोल डाग मॅटवर जास्त उठून दिसतात.

पट्टा पूर्ण कोरडा झाला की त्यावर कमी चिकट मास्किंग टेप लावा. टेपनं पट्टा झाकला पाहिजे आणि कडेपलीकडचा दोन-तीन मिलिमीटर रंगही. पट्टा नवा असेल तर गोंद पक्का बसेपर्यंत टेपही नको आणि वॅक्सही नको. पट्ट्याजवळ यंत्र चालवू नका. त्याची फिरती गादी कड उचलते. तिथं बोटाला फडकं गुंडाळून कडेला समांतर हात चालवा. काम संपलं की लगेच टेप काढा, टोक मागं दुमडून, सावकाश. टेप रात्रभर उन्हापावसात ठेवू नका.

तरीही मेण पट्ट्यावर गेलं तर ओल्या फडक्यानं तिथल्या तिथं टिपा. वाळलं असेल तर कोमट पाणी आणि शाम्पूनं भिजवून उचला. त्यानंही न निघालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी मिसळून, आधी कोपऱ्यात एक ठिपका लावून पाहून, हलकेच टिपा. पेट्रोल, रॉकेल, थिनर जवळ आणू नका. ते व्हायनिल आणि गोंद दोन्ही मऊ करतात. डॅशबोर्ड किंवा टायर चमकवायचं सिलिकॉनही पट्ट्यावर नको. संरक्षण हवंच असेल तर खास मॅट पृष्ठभागासाठी बनवलेलं द्रव्य मिळतं, तेच घ्या. प्रेशर वॉशरचा फवारा लांबून आणि सरळ मारा, कडेखाली घुसेल असा तिरका नको. पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक खरवडू नका. ओलं फडकं काही मिनिटं ठेवा आणि मग उचला.

आपले मराठी लोक देशभर पसरलेले आहेत, म्हणून एवढं सांगतो. जोधपूरच्या धुळीत आधी पाणी ओतल्याशिवाय फडकं लावूच नका, ती वाळूच सँडपेपरचं काम करते. चेन्नई किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत आठवड्याला गोड्या पाण्यानं धुवा. नागपूरच्या मे महिन्यात गाडी सावलीत लावणं हीच सगळ्यात मोठी निगा, कारण उन्हानं प्लॅस्टिकला लवचीक ठेवणारा अंश उडून जातो आणि पट्टा तडकतो.

आणखी एक गोष्ट, जी मला सैनिक म्हणून सांगितलीच पाहिजे. हल्ली हौसेनं जीपसारख्या गाड्यांना मॅट ऑलिव्ह ग्रीन रूप देतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. तो रंग पाहून नाक्यावरचा पहारेकरी काय समजतो, यावर कधीकधी माणसांचे जीव अवलंबून असतात. सिसिलीची ती रात्र आठवा. पट्टा काळा लावा, राखाडी लावा, पण तो रंग सोडा.

चकचकीत रंगाला वॅक्स द्या, तो त्याचा हक्क आहे. मॅट पट्ट्याला स्वच्छ पाणी, मऊ फडकं आणि सावली द्या. एवढं केलंत तर तो त्याच्या आयुष्यभर तसाच राहील, न चमकता. जय हिंद.