नांगर: द्वारकेच्या दगडापासून भिलाईच्या जलाशयापर्यंत

भिलाईपासून सर्वांत जवळचा समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि तेव्हापासून हे गाव पोलादासाठी व रेल्वेच्या रुळांसाठी ओळखले जाते. समुद्राशी त्याचा संबंध आला तोही पोलादाच्याच वाटेने. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘आयएनएस विक्रांत’साठी ‘सेल’ने जे सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद पुरवले, ते भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांतून गेले. आता मात्र नौकानयनाचा एक फार जुना प्रश्न भिलाईच्या स्वतःच्या पाण्यावर येऊन ठेपला आहे. पोलाद कारखान्यासाठी पाणी साठवणाऱ्या मरोदा-१ जलाशयावर १५ मेगावॅटचा तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचे काम ‘एनटीपीसी’ आणि ‘सेल’ यांच्या संयुक्त कंपनीने, म्हणजे ‘एनएसपीसीएल’ने, हाती घेतले. सौरपटलांचे असे बेट पाण्यावर तरंगते खरे, पण ते जागचे हलता कामा नये. त्याला नांगर लागतो.

मराठीत शेत नांगरतात आणि जहाजही नांगरतात. दोन्ही क्रियांना एकच शब्द आहे आणि नांगराच्या रचनेचा इतिहास समजून घेताना तो फार उपयोगी पडतो. पाण्यावरची वस्तू दोन प्रकारे जागी धरता येते: तळाशी जड वजन टाकून, किंवा तळाच्या मातीत फाळ रुतवून.

पहिला प्रकार अर्थातच आधीचा. द्वारका, बेट द्वारका, सोमनाथ, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या पाण्यात गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी दगडी नांगर शोधून नोंदवले आहेत. त्यांतला ‘इंडो-अरब’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार विशेष लक्ष देण्याजोगा आहे. हा लांबट, चौकोनी छेदाचा दगड असतो. वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक आणि खालच्या भागात एकमेकांशी काटकोनात कोरलेली दोन चौकोनी भोके. या चौकोनी भोकांतून लाकडी दांडे आरपार घालत. म्हणजे दगड वजन देई आणि लाकूड तळाशी पकड घेई; दोन्ही युक्त्या एकाच वस्तूत. द्वारकेजवळचे दगडी नांगर आरंभी फार प्राचीन, हडप्पाकाळाच्या आसपासचे मानले गेले होते. पुढे अरबी समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यांवर सापडलेल्या तशाच नांगरांशी तुलना झाली, आणि हा प्रकार मध्ययुगीन अरब व्यापाराशी जोडला गेला. अभिमानाला थोडा धक्का बसला असेल, पण माहिती अधिक मोलाची मिळाली.

दगडाची उणीव पाण्यातच दिसते. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते तेवढे वजन ती गमावते. लोखंड पाण्यात आपल्या वजनाचा जेमतेम आठवा हिस्सा गमावते, तर काळा बेसाल्ट तिसरा हिस्सा. म्हणून लोखंड हाती आल्यावर नांगर आकाराने सडपातळ होत गेला आणि वजनापेक्षा फाळावर भिस्त वाढली. जुन्या लोखंडी नांगरात वरची आडवी दांडी खालच्या बाहूंशी काटकोनात बसवलेली असे. ती तळावर आडवी पडली की एक फाळ आपोआप मातीकडे वळतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तागाच्या दोराऐवजी लोखंडी साखळी आली. साखळीचा जड भाग तळावर लोळतो, त्यामुळे नांगरावरचा ओढा आडवा राहतो. ओढा वरच्या दिशेने येऊ लागला की उत्तमातला उत्तम फाळही मातीतून उपटला जातो. पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट साखळी सोडण्याचे कारण हेच.

शेतातला नांगर समुद्रात खऱ्या अर्थाने उतरला तो १९३३ साली. प्रवाही पदार्थांतील खळबळीच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर हौशी दर्यावर्दी होते. आपल्या लहान शिडाच्या नावेवर जड नांगर ओढण्याचा त्यांना कंटाळा होता. त्यांनी दुहेरी फाळाच्या नांगराचा आकार घेऊन, त्याला सांध्याने हलणारा दांडा जोडून, नवा नांगर तयार केला. ओढले की तो अधिकच खोल जातो आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओढा झेलतो. ‘सीक्यूआर’ या नावाने तो विकला गेला. ही अक्षरे इंग्रजीत भरभर उच्चारली की ‘सुरक्षित’ या अर्थाचा शब्द ऐकू येतो. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनाही हा हलका नांगर सोयीचा ठरला.

इथवरची वाटचाल वजनाकडून फाळाकडे झालेली दिसते. तरंगत्या सौरप्रकल्पांनी ती उलटी फिरवली. तेलंगणातील रामगुंडम येथे ‘एनटीपीसी’चा १०० मेगावॅटचा प्रकल्प २०२२ साली पूर्ण झाला. चाळीस भागांत विभागलेली त्याची बेटे विशेष बळकट कृत्रिम धाग्याच्या दोरांनी जलाशयाच्या तळावरील काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधलेली आहेत. म्हणजे पुन्हा दगडच!

त्यामागे कारण आहे. फाळ एका दिशेच्या ओढ्याला उत्तम तोंड देतो; दिशा पालटली तर तो आधी सुटतो आणि मग पुन्हा रुततो, रुतेल तर. जहाजाला हे चालते. जहाजांच्या नांगरांविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम सेकंदाला २५ मीटर वारा, अडीच मीटर प्रवाह आणि खोलीच्या किमान सहापट साखळी गृहीत धरतात. शिवाय ही सामग्री आडोशाच्या जागी तात्पुरते थांबण्यासाठी आहे, असे स्पष्ट बजावतात. वादळ आले तर जहाज नांगर उचलून निघून जाऊ शकते. सौरबेटाला इंजिन नाही, कप्तान नाही, आणि त्याला पंचवीस वर्षे चारही दिशांचा वारा तिथेच सोसायचा असतो. ठोकळ्याला दिशेचे सोयरसुतक नसते. त्याची किंमत मात्र वजनात मोजावी लागते. दहा टनांचा काँक्रीटचा ठोकळा पाण्यात सहा टनांहूनही कमी भरतो, आणि तळाशी घर्षण निम्मे धरले तर आडवा ओढा झेलतो जेमतेम तीन टनांचा.

वाऱ्याचा हिशेब याहून कठोर आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सेकंदाला २५ मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ३८ किलो वजनाइतका दाब देतो. सप्टेंबर २०१९ मध्ये जपानमधील यामाकुरा धरणावरच्या १३.७ मेगावॅटच्या प्रकल्पावर ‘फॅक्साय’ हे चक्रीवादळ आदळले. पटले एकमेकांवर चढून त्यांचे ढीग झाले आणि त्यांनी पेटही घेतला. एप्रिल २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील ओंकारेश्वर जलाशयावरही वादळाने तरंगत्या पटलांचे नुकसान केले. शेकडो दोरांनी धरलेल्या बेटात ओढा सारखा वाटला जात नाही, हा यातला खरा धोका. कोपऱ्यातला एक दोर सर्वांत जास्त ताणला जातो. तो सुटला की त्याचा वाटा शेजारच्या दोरावर येतो, मग त्याच्या शेजारच्यावर.

जलाशयांपुढे आणखी एक अडचण असते, ती समुद्राला नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि तिचे माप ठाऊक असते. साठवणीच्या जलाशयाची पातळी पावसाळ्यात वर जाते आणि उन्हाळ्यात कारखान्याच्या तहानेबरोबर खाली येते. भरल्या पाण्याच्या मापाने सोडलेला दोर मे महिन्यात सैल पडतो आणि वळिवाच्या वाऱ्यात बेट भरकटू लागते. मे महिन्याच्या मापाने बांधला, तर ऑगस्टमध्ये बेटच ठोकळ्याला वर ओढते, ठोकळ्याचा तळावरील भार घटतो आणि तितकेच घर्षणही. म्हणून दोर तिरका सोडायचा, काही ठिकाणी त्यात रबरासारखा ताणला जाणारा तुकडा घालायचा, आणि ठोकळा उतरवण्याआधी तळाचा गाळ किती खोल आहे ते मोजायचे.