औषध देणारा हात : गिलान-सेवेपासून फार्मसीच्या वर्गापर्यंत



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत औषधांचा इतिहास कशाला, असं कोणी विचारील. पण आपल्या वस्तीतली पोरं-पोरी आता डी. फार्म., बी. फार्म. करू लागली आहेत. उद्या औषधाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला ती उभी राहणार. खिडकीच्या बाहेर आपल्या आज्या-पणज्या कशा उभ्या राहत होत्या, हे त्यांना ठाऊक असायला हवं.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हतं. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवलं. त्यानंतर तथागतांनी आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले. पहिला गुण औषध नीट तयार करता येण्याचा! दुसरा, रोग्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही हे कळण्याचा. मग मैत्रीभावाने, लाभाची आशा न धरता सेवा करणं; मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस न करणं; आणि वेळ पाहून धम्माचे चार शब्द बोलणं. आम्हाला इथे क्रम महत्त्वाचा वाटतो. नुसतं मन चांगलं असून भागत नाही, विद्या आधी यायला हवी. आणि नुसती विद्याही पुरत नाही, हे पुढचे गुण सांगतात.

सम्राट अशोकाने हीच गोष्ट राज्यकारभारात आणली. काठेवाडातल्या गिरनारच्या शिलेवर त्याचा दुसरा शिलालेख आजही आहे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी चिकित्सेची सोय केली, जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणवून लावल्या, असं त्यात कोरलं आहे. कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, असा भेद त्यात नाही.

त्याच काठेवाडात १९२९ साली काय घडलं ते पाहा. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लेखनात ते नोंदवलं आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेटने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला, पण वस्तीबाहेरच थांबला. त्या ओल्या बाळंतिणीला बाळासकट बाहेर आणावं लागलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परतही तसाच. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे. औषध मिळालं, हे लक्षात घ्या. फी दिली होती, औषध आलं, तपासणारा हात मात्र आला नाही. बाई गेली. नवऱ्याचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं.

योगायोग असा की आपल्या देशात फार्मसीचं विद्यापीठीय शिक्षण त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३२ साली, बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. महादेवलाल श्रॉफ यांनी सुरू केलं. तोवर औषधं बनवायचा तो कंपाउंडर. मिक्श्चरची बाटली, तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी. जुन्या मंडळींना आठवत असेल. १९४० साली औषधांचा कायदा आला, १९४८ साली फार्मसीचा. औषध शुद्ध असावं, देणारा शिकलेला असावा, याची सोय झाली. घेणारा माणूस कोण, त्याला वाचता येतं का, त्याची परिस्थिती काय, हे अभ्यासात यायला बराच काळ लागला. १९९१ च्या डिप्लोमा अभ्यासक्रमात आरोग्यशिक्षण आणि सामुदायिक फार्मसी हा विषय होता. २०२० च्या नव्या नियमांत तर 'सोशल फार्मसी' हा स्वतंत्र विषय पहिल्याच वर्षाला आला.

मधल्या काळात कायद्यानेही पाऊल टाकलं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रोग्याला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम ठरवलं : गोळी कशासाठी, किती दिवस, चुकली तर काय करायचं, ठेवायची कुठे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा रोग्याला उपचारात भेदभावाची वागणूक देण्यास मनाई केली आणि त्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं. भर दुकानात मोठ्याने औषधाचं नाव पुकारलं की रोगी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही, हे कोणाला वेगळं सांगायला नको.

पण कलमं पाठ करून परीक्षा पास होता येते. सवय वर्गात लागत नाही, ती माणसांत बसून लागते. म्हणून आमची एक सूचना आहे. रविवारच्या वंदनेनंतर आजी-आजोबांनी आपापल्या गोळ्यांच्या पिशव्या विहारात आणाव्यात. आपल्या फार्मसीच्या मुलामुलींनी त्यांच्याजवळ बसून कोणती गोळी कधी घ्यायची ते त्यांच्याच बोलीत सांगावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सूर्य-चंद्राची खूण काढून द्यावी. डोस मात्र परस्पर बदलू नये, शंका आली तर चिठ्ठी लिहून डॉक्टरकडे पाठवावं. सतरंज्या आणि पेनं विहारात आहेतच.